दुसरा परिच्छेद

कलेचं मोल शेवटी जाणकारालाच कळतं, या मतावर मी आयुष्याची वीसेक वर्षं ठाम होते. दोहातल्या ज्या म्युझियमच्या दुकानात मी काम करते तिथे जाणकार म्हणजे मी, आणि माझ्या नोकरीच्या पहिल्या अकरा महिन्यांत ऑस्ट्रेलियन कपाटातली एकही पर्स जागची हलली नव्हती.

मग फेल्सी आंटी आली.

आधी कपाटाबद्दल सांगते. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळच्या, बायांचं एक कलाकेंद्र आहे. त्या चित्रं काढतात. त्यांच्या परवानगीने आणि त्यांचा वाटा त्यांना देऊन ती चित्रं रेशमी स्कार्फवर छापली जातात, किंवा काश्मिरात लोकरीच्या टाक्याने पर्सवर भरली जातात. प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड असतं: चित्र काढणारीचा फोटो, तिचं नाव आणि चित्राची गोष्ट. चित्र वाळवंटातलं, टाका काश्मीरचा, गिऱ्हाईक कतारचं आणि कार्डावरचं इंग्रजी राजापूरचं, म्हणजे माझं. आमचे मॅनेजर हॅमंडसाहेब या सगळ्याला ‘एथिकल’ म्हणत. तो शब्द ते अशा आवाजात उच्चारत की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण उभं राहायला हवं.

फेल्सी तुस्कानो वसईची. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. चष्मे दोन, एक डोळ्यांवर आणि एक डोक्यावर. दिवसातून चारदा ती डोक्यावरचा शोधत असे. म्युझियमच्या काळ्या गणवेशाखाली ती पांढरे, रबरी तळाचे नर्सचे बूट घालायची, कारण याआधीची बावीस वर्षं तिने इथल्या एका दवाखान्याच्या नोंदणी-काऊंटरवर काढली होती. तिथे नंबर पुकारायला यंत्र होतं. ते बोलायच्या आत ही माणसाचं नाव पुकारायची. यंत्राविरुद्ध तिचं एकच म्हणणं होतं: “नंबराला दुखत नाय, माणसाला दुखतं.”

पहिल्याच दिवशी तिने कपाटातलं एक कार्ड काढलं, चष्मा बदलला आणि ओठ हलवत वाचलं. त्यावर मी ‘स्मृती आणि भूमी यांच्या परस्परगुंफणीचं प्रतीकात्मक भूदृश्य’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. ते वाक्य मला आजही वाईट वाटत नाही.

“नसीम बाय, हे मधले गोल कसले?”

“पाण्याची ठिकाणं.”

“आणि बाजूला ही घोड्याच्या नालेसारखी खूण?”

“बसलेल्या बाया.”

“म्हणजे पाणी कुठे आहे आणि त्याच्याभोवती कोण बसलंय, ते काढलंय?”

“थोडक्यात, हो.”

“मग थोडक्यातच लिही ना गो.”

त्या दुपारी एक कतारी बाई दोन लेकींना घेऊन आली. माझ्या कार्डाकडे तिने पाहिलंदेखील नाही. आंटीने स्कार्फ काऊंटरवर पसरला आणि दवाखान्यातल्या मोडक्यातोडक्या अरबीत, बोट ठेवून सांगू लागली: हे पाणी. ही आजी. ही नात. आजीने नातीला दाखवलं की वाळू इथे खण. नात आता स्वतःच आजी आहे, तिने हे चित्र काढलं, हा बघा तिचा फोटो, हे तिचं नाव. मग ते नाव तिने काऊंटरवर पुकारायच्या आवाजात म्हटलं आणि तिन्ही बायांकडून एकदा म्हणवून घेतलं. त्यांनी तीन स्कार्फ घेतले. मी बिल केलं. बिल माझ्याकडे असायचं, कारण मला कॉम्प्युटर येत होता.

ते नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे येईल. कपाटातली सगळ्यांत चांगली चित्रं त्याच बाईची होती, एवढं पुरे.

संध्याकाळी आम्ही दोघी माझ्या गाडीतून अल सद्दला परत यायचो. तिची खोली माझ्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या पलीकडे. मत्सर करायचा असेल तर त्या माणसाला रोज गाडीत शेजारी बसवू नये. त्याचे गुणही कळत जातात आणि काम अवघड होतं. ती वाटेत मोसंबी सोलायची, निम्मी माझ्या तोंडात कोंबायची आणि दिवसभरात कोण आलं ते सांगायची. तिला सगळ्यांची नावं पाठ. मला सगळ्या वस्तूंचे कोड पाठ.

घरीही मी तिच्याबद्दलच बोलत असणार. नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पावर शिफ्टला, त्यामुळे ऐकायला मुलगी. एकदा तिने मोबाइलवरची नजर न काढता म्हटलं, “अम्मी, यू आर सो जेलस.” मराठीत बोल, मी दटावलं. तिला त्यासाठी मराठी शब्द येत नव्हता. एरवी मी लगेच शिकवते.

आंटीने तोंडघशी पडावं अशी माझी इच्छा होती, आणि तशी संधी येतही असे. एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. पाहुण्यांना भेट द्यायला त्याला चाळीस पर्स हव्या होत्या, फक्त आतली कार्डं काढून कंपनीची घालायची होती.

“कार्ड काढलं तर पर्स नाय,” आंटी म्हणाली. हे तिने हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत, मग मान हलवून.

“मॅडम, कार्ड कौन पढ़ता है?”

“आप नहीं पढ़ते। इसलिए आपको चालीस चाहिए।”

तो हॅमंडसाहेबांकडे गेला. मी काऊंटर पुसायला घेतलं. तिथून साहेबांची काचेची केबिन दिसतेही आणि ऐकूही येते. साहेबांचा चेहरा पहिल्यांदा घाबरलेला होता. मग त्यांना ‘एथिकल’ आठवलं. पाच मिनिटांत ते असं बोलू लागले की जणू नकार त्यांनीच दिला होता. तो माणूस दुसऱ्या दिवशी परत आला आणि कार्डांसकट पर्स घेऊन गेला. साहेबांनी मला बोलावलं. “नसीम, आजपासून हे आपलं धोरण. कार्डाशिवाय एकही वस्तू विकायची नाही. तू चांगलं लिहितेस, लिहून काढ.” मी लिहून काढलं. दीड पान झालं. आंटीने तेच पाच शब्दांत केलं होतं, पण धोरणाला पाच शब्द शोभत नाहीत.

मग तो व्हिडिओ कॉल. कलाकेंद्राशी साहेबांनी ठरवला होता, म्हणजे जिचं नाव मी इथे लिहीत नाही ती नामवंत चित्रकर्ती प्रत्यक्ष बोलणार. मी आठवडाभर वाचन केलं, नऊ प्रश्न काढले. पडद्यावर एक थोराड, शांत बाई अंगणात खुर्ची टाकून बसलेली आणि पायाशी कुत्रा. पहिल्या प्रश्नाला ती “हो” म्हणाली. प्रश्न चार ओळींचा होता. दुसऱ्यालाही “हो.” तिसऱ्याला तिने कुत्र्याकडे पाहिलं.

तेवढ्यात आंटी डबा धुऊन पॅन्ट्रीतून निघाली आणि पडद्यात डोकावली. “हॅलो,” ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, “जेवलीस?”

“अजून नाही. तू?”

“आत्ताच. सुके बोंबील. इथे वासाची तक्रार करतात.”

“कशाचा वास?”

पुढची वीस मिनिटं माझे सहा प्रश्न माझ्या मांडीवर होते. कांगारूचं शेपूट निखाऱ्यात किती वेळ ठेवायचं, बोंबील वाळवायला दोरी कशी बांधायची, आजी कोणाची जास्त रागीट होती. दोघीही हसत होत्या, आणि मधेच ती वाळवंटातली बाई जमिनीवर बोटाने काहीतरी काढून दाखवत होती. कॅमेऱ्यात ते दिसत नव्हतं, पण आंटी “हां, हां” करत होती. पुढच्या कॉलला पडदा लागल्या लागल्या त्या बाईने विचारलं, “ती लहानखुरी कुठे आहे?”

माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. हा गुन्हा आहे असं त्याआधी मला कधी वाटलं नव्हतं.

त्यातूनच पुढे ठरलं की दुकानातल्या एकीने दहा दिवस त्या केंद्रावर जायचं. चित्रं कशी होतात ते पाहायचं, बायांबरोबर बसायचं. कोणी जायचं ते त्यांची लोर्ना ठरवणार होती. लोर्ना त्या चित्रकर्तीची भाची, केंद्राचं काम तीच बघते. युरोपला जाताना ती दोहात थांबून दुकानात येणार होती. मला तिथे जायचं होतं. इतकं की मी कोणाला बोलून दाखवलं नाही. त्या खुणांबद्दल मी जेवढं वाचलं होतं तेवढं या अख्ख्या शहरात कोणी वाचलं नसेल, आणि जाणार होती ती, जिला तिथल्या शेपटाची पाककृती माहीत होती.

लोर्ना रविवारी यायची होती. गुरुवारी दुपारी दुकानाच्या ई-मेलवर तिचं पत्र आलं. तो ई-मेल फक्त मी उघडते.

दोन परिच्छेद होते. पहिल्यात लिहिलं होतं की मावशी वारली. दुसऱ्यात लिहिलं होतं की आमच्या लोकांत माणूस गेल्यावर त्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. घरचे सांगतील तोवर कृपया तिच्या कार्डांवरचं नाव आणि फोटो झाकून ठेवा.

मी आंटीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, ती गेली. आंटी स्टुलावर बसली. दोन्ही चष्मे काढून मांडीवर ठेवले. “जेवली होती काय गो?” तिने विचारलं. मला माहीत नव्हतं.

मी खोटं काही बोलले नाही. मी पहिला परिच्छेद सांगितला.

वसईची माणसं मेलेल्याचं काय करतात, हे मला ठाऊक होतं. दोन वर्षं एका गाडीतून जाता-येता माणसाचं इतकं कळतं. ते त्याचं नाव चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत वाचायला देतात. पुन्हा पुन्हा देतात. नोव्हेंबरात तर घराण्यातल्या सगळ्यांची देतात, कोणी राहून जाऊ नये म्हणून वहीत लिहून ठेवतात. नाव घेतलं नाही तर तो माणूस तिकडे ताटकळतो, असं आंटी म्हणायची. काऊंटरवर बावीस वर्षं काढलेल्या बाईला ताटकळणं म्हणजे काय ते सांगायला नको.

दोहात चर्चचा रविवार शुक्रवारी येतो. शुक्रवारी आंटीने चर्चमध्ये नाव दिलं, आणि पाद्रीबाबांनी ते नीट उच्चारावं म्हणून आधी दोनदा म्हणवून घेतलं. हे तिने मला शनिवारी गाडीत सांगितलं. मी सिग्नलकडे बघत होते. तेव्हाही सांगता आलं असतं. रविवारी सकाळी तिने काऊंटरवर पांढरा रुमाल अंथरला, कार्डावरचा फोटो मोठा करून फ्रेममध्ये बसवला, त्याला मोगऱ्याचा गजरा घातला आणि पुढे बॅटरीवरची मेणबत्ती ठेवली, कारण म्युझियममध्ये खरी चालत नाही. हॅमंडसाहेबांनी ते पाहून स्वागताच्या भाषणात एक वाक्य वाढवलं.

लोर्ना अकराला आली. चाळिशीची, सैल निळा झगा, खांद्याला मावशीच्या चित्राची पर्स. साहेब पुढे झाले, पण आंटी त्यांच्याही पुढे. तिने लोर्नाचे दोन्ही हात धरले आणि मोठ्याने, स्वच्छ, कोणी मागच्या बाकावर असलं तरी ऐकू जाईल असं ते नाव घेतलं.

लोर्नाने नजर खाली झुकवली. मग मान वळवली आणि तिला फोटो दिसला. ती एक पाऊल मागे सरली. साहेबांच्या हातातला कागद तेवढा वाजत होता.

हे दृश्य मी गुरुवारपासून मनात पाहत होते. फक्त त्यात आंटीचा चेहरा नव्हता.

“नाव नाही,” लोर्ना हळू म्हणाली. “आत्ता नाही. फोटोही नाही.”

आंटीने फ्रेम उचलली, छातीशी पालथी धरली आणि मेणबत्तीचं बटण बंद केलं. मग म्हणाली, “चुकलं. खूप चुकलं.”

“आम्ही ई-मेल केला होता,” लोर्ना म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आंटीनेही पाहिलं, एकदाच. नोंदणी-काऊंटरवरच्या बायका तसं बघतात. कोणाला काय झालंय ते त्यांना डॉक्टरच्या आधी कळतं.

“मला ई-मेल वाचता येत नाय,” ती लोर्नाला म्हणाली. “माझी चूक.”

साहेबांची मान पुन्हा लोर्नाकडे वळली. विषय संपला. मी काऊंटरच्या बाजूला उभी होते, माझ्यावर काहीही आलं नव्हतं, आणि इतका राग मला तिचा आधी कधी आला नव्हता.

मग आंटीने लोर्नाला विचारलं, “तर आता तिला हाक काय मारायची?”

लोर्ना म्हणाली, “आंटी म्हटलं तरी चालेल.”

“आमच्यात पण तेच,” फेल्सी आंटी म्हणाली. लोर्ना हसली, आणि मग तिला रडू आलं, आणि दोघी स्टॉकरूममध्ये जाऊन बसल्या. साहेबांचं भाषण राहिलं ते राहिलंच.

लोर्ना गेल्यावर आंटीने पिशवीतून मेडिकलमधली पांढरी कागदी चिकटपट्टी काढली, जखमेवर लावतात ती. दवाखाना सुटला तरी तिच्याकडे ती कायम असे. तिने त्या बाईची सगळी कार्डं काढली आणि प्रत्येकाच्या फोटोवर नि नावावर पट्टी लावली. कात्रीने कापून, कोपरे दाबून, कोणाचं ड्रेसिंग करावं तशी. मी मदतीला बसले. तिने कात्री माझ्याकडे दिली, पट्टी स्वतःकडे ठेवली.

संध्याकाळी गाडीत तिने मोसंबं सोललं. निम्मं माझ्यासमोर धरलं. या वेळी तोंडात कोंबलं नाही.

“ई-मेल मोठा होता काय गो?”

“दोन परिच्छेद.”

“हां.”

अल सद्दच्या सिग्नलपर्यंत तिने तिचं निम्मं संपवलं. मग म्हणाली, “पुढच्या वेळी मला दुसराच आधी सांग. पहिला मी ओळखीन.”

यापलीकडे हा विषय तिने कधी काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी चांगली आहे.

वाळवंटात अर्थातच तीच गेली. लोर्नाने तिचं नाव घालून पत्र पाठवलं आणि मी ते दोन्ही परिच्छेदांसकट तिला मोठ्याने वाचून दाखवलं. दहा दिवसांनी ती आली ती काळवंडून आणि लाल मातीने माखलेले बूट घेऊन. मला सगळं ऐकायचं होतं आणि काही ऐकायचं नव्हतं.

“काय पाहिलंस?”

“बसलो होतो.”

“दहा दिवस?”

“बाया बसतात, बोलतात, चित्र काढतात. मी पण बसली.” मग तिला काहीतरी आठवलं. “ती नालेची खूण आहे ना, बाईची? ती काढलेली नाय गो. वाळूत मांडी घालून बसलं आणि उठलं की मागे तशीच राहते. मी उठून बघितली. माझी सगळ्यांत लहान होती.”

हे मी वाचलं होतं. कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर, तेही सांगू शकले असते. इतकी वर्षं दोहात राहून, दर हिवाळ्यात वाळूत सहलीला जाऊन, उठल्यावर मागे वळून पाहायचं मात्र मला सुचलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी मी कोणी पाहत नाही असं बघून ते केलं. माझी खूण मोठी आणि काहीशी वाकडी आली.

वर्षभराने तिचे गुडघे गेले आणि ती वसईला परतली. निरोपसमारंभात हॅमंडसाहेबांनी ‘एथिकल’ सात वेळा म्हटलं. आंटी शेजारी मोजत होती आणि बोटं मला दाखवत होती. जाताना तिने चिकटपट्टीचं उरलेलं भेंडोळं मला दिलं.

गेल्या महिन्यात लोर्नाचा ई-मेल आला. एकच परिच्छेद. घरच्यांनी ठरवलं आहे, आता नाव घ्यायला आणि फोटो दाखवायला हरकत नाही. मी दुकानातूनच फेल्सी आंटीला व्हिडिओ कॉल लावला आणि लोर्नाचा ई-मेल आल्याचं सांगितलं. ती केळीच्या वाडीत होती, एक चष्मा डोळ्यांवर, डोक्यावर काही नाही.

“दुसरा हरवला,” ती म्हणाली. “बोल. पहिला की दुसरा?”

मी तिला वाचून दाखवलं. तिने मोबाइल केळीच्या खोडाला टेकवून ठेवला, दोन पावलं मागे गेली, पदर सारखा केला आणि ते नाव पुकारलं, काऊंटरच्या आवाजात, तीनदा. पलीकडच्या वाडीतून कोणीतरी “काय गो?” म्हणून ओ दिली. “तुला नाय,” आंटीने सांगितलं, आणि केळींच्या मधून त्या ओ देणाऱ्या बाईला सगळी हकिगत सांगायला निघून गेली. मोबाइल तसाच राहिला. पांढरे बूट दूर जाताना मी बराच वेळ पाहत होते. तिने वळून फोन बंद केला नाही, मीच केला.

ते नाव मी इथे लिहिलेलं नाही. एकदा मी ते नको त्या वेळी दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलं आहे, माझ्या वाट्याचं झालं.

दुसऱ्या दिवशी मी कार्डांवरच्या पट्ट्या काढायला बसले. पट्टी चांगल्या प्रतीची होती; तिच्याबरोबर फोटो आणि नावही निघून आलं. नवी कार्डं छापायला दिली आहेत. मजकूर मी केला आहे, दोन ओळींचा: पाणी कुठे आहे आणि भोवती कोण बसलं आहे. छापखाना म्हणतो, तीन आठवडे, इन्शाल्ला. कार्डाशिवाय एकही वस्तू विकायची नाही असं आमचं दीड पानी धोरण असल्यामुळे तोपर्यंत कपाटातला तिचा कप्पा बंद आहे.